कुकरची शिट्टी आणि टॉर्नेडो

सकाळी कुकर चढवला की त्याच्यासमोर कोणी उभं राहत नाही. दूध तापत ठेवायचं, भाजी फोडणीला टाकायची. शिट्टी झाली की तिकडे वळायचं. पायथनमधल्या ‘टॉर्नेडो’ या वेब फ्रेमवर्कची रीत हीच.

ते लिहिलं गेलं फ्रेंडफीड या सोशल साइटसाठी. मित्रानं काही टाकलं की ते लगेच दिसावं, म्हणून असंख्य ब्राउझर सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून वाट पाहत बसत. रूढ पद्धतीत अशा प्रत्येक जोडणीमागे एक थ्रेड अडकून पडे, आणि रिकामा थ्रेडही मेमरी खातोच. टॉर्नेडोनं एकाच थ्रेडवर भागवलं. कुठल्या जोडणीवर काही आलंय, हे लिनक्समधली ‘ईपोल’ ही सोय सांगते. ती शिट्टी. तेवढं काम उरकायचं की पुन्हा कान शिट्टीकडे. ऑगस्ट २००९मध्ये फेसबुकनं फ्रेंडफीड विकत घेतलं आणि पुढच्याच महिन्यात टॉर्नेडो सर्वांसाठी खुलं झालं.

पण मध्येच पाट्यावर चटणी वाटायला बसलं तर? दूध उतू जाणार. एखाद्या विनंतीसाठी दोन सेकंदांची आकडेमोड सुरू झाली, किंवा उत्तर येईपर्यंत हलू न देणारा जुना डेटाबेस ड्रायव्हर वापरला, तर त्या प्रोसेसवरचे सगळेच ग्राहक तेवढा वेळ ताटकळतात. ही चूक फसवी असते: स्वतःच्या लॅपटॉपवर एकट्यानं तपासताना ती जाणवतच नाही, गर्दी झाली की उघडी पडते.

शिवाय जँगो या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कसारखं तयार अॅडमिन पॅनेल, डेटाबेसचा थर इथे मिळत नाही. नुसते फॉर्म भरून घेणाऱ्या साइटसाठी मी टॉर्नेडो सुचवणार नाही. कोड वाचणंही पूर्वी कठीण होतं, ‘हे झालं की ते चालव’ असं सांगणाऱ्या कॉलबॅकमध्ये कॉलबॅक गुंतलेले असत. २०१५मध्ये पायथन ३.५नं ‘असिंक-अवेट’ आणलं आणि तो गुंता बराच सुटला.

टॉर्नेडोचा स्वभाव नेमका ओळखला तो ज्युपिटर नोटबुकनं. तिथे संशोधक ब्राउझरमध्ये गणित लिहितो. ते सोडवतो ‘कर्नल’, ही वेगळी प्रोसेस. टॉर्नेडो फक्त दोघांमधले निरोप पोचवतं. गणित तासभर चाललं तरी टॉर्नेडो अडकत नाही. चटणी दुसऱ्या खोलीत वाटली जात असते.