दुचाकीचे यंत्रशास्त्र (लेखांक सातवा) : स्वाराचा भार आणि मागचे कडे

मागील लेखांकात चाकांतील हवेच्या दाबाचा विचार झाला. तो दाब नियमास धरून नसेल, तर आज सांगावयाची कोणतीही तजवीज व्यर्थ जाईल, एवढे बजावून मोटारसायकलच्या मागील अंगास जोडलेल्या, आणि आपल्याकडे सर्रास शॉकअप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्या जोडगोळीकडे वळतो.

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे थोर क्षेत्र. त्यात आता मराठी भाषा विद्यापीठही तेथेच स्थापन झालेले. त्यामुळे त्या बाजूच्या रस्त्यांवर दुचाक्यांची वर्दळ दिवसभर असते. एखादी शंभर सीसीची गाडी सकाळी पन्नास-पंचावन्न किलोच्या एकट्या विद्यार्थ्यास घेऊन निघते, दुपारी तीच गाडी दोहो बाजूंस दुधाचे कॅन लटकवून धावते, आणि सायंकाळी घरधनी, घरधनीण व दोघांच्या मध्ये दाटीने बसलेले मूल अशा त्रिवर्गास गोविंदप्रभूंच्या राजमठी दर्शनास आणते. कायद्याची कलमे तूर्त बाजूस ठेवली, तरी एवढे खरे की पाठीवरचा भार दिवसातून तीनदा पालटला आणि स्प्रिंगखालचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे मात्र कारखान्यातून ज्या पायरीवर निघाले त्याच पायरीवर, धुळीने व गंजाने जाम होऊन, गाडी भंगारात जाईपर्यंत तसेच राहिले. ते कडे फिरविण्यासाठीच केलेले आहे, ही वार्ता बहुसंख्य मालकांपर्यंत पोहोचलेलीच नसते.

ही सोय काही केवळ धनिकांच्या गाड्यांत असते असे नाही. १९९४ साली बाजारात आलेल्या आणि वऱ्हाडातील जवळजवळ प्रत्येक गावी दिसणाऱ्या हिरो होंडा स्प्लेंडरच्या मागील शॉकअपलादेखील पाच पायऱ्यांचे कडे होते. शॉकअपचा पूर्वेतिहास पाहिला, तर तेलाने आवर घातलेला दुर्बिणीसारखा पुढचा काटा १९३५ च्या बीएमडब्ल्यू आर-१२ या गाडीत आला, आणि मागील चाकास वर-खाली होणारा चिमटा व त्यावर शॉकअप ही रचना एन्फिल्डच्या बुलेटमध्ये १९४९ च्या सुमारास रूढ झाली. त्यापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत मागचे चाक सांगाड्यास ताठ जखडलेले असे आणि स्वाराच्या अस्थींचा सारा बंदोबस्त सीटखालच्या दोन स्प्रिंगांवर सोपविलेला असे. आज हेच शॉकअप आपल्या वाळूजला नि चाकणला लाखांनी तयार होतात.

आता मुख्य गैरसमजाकडे येऊ. गॅरेजात गाडी उभी केली की मिस्त्री विचारतो, “भाऊ, शॉकअप टाइट करून देऊ काय?” आणि मालक मान डोलावतो. वास्तविक कडे फिरविल्याने स्प्रिंग टाइट होत नाही. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम असा, की स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात तिचा विरोध वाढतो. हे प्रमाण तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास व त्यांची संख्या यांवरून ठरते, आणि कडे या तिहींपैकी एकासही हात लावीत नाही. समजा, मागच्या चाकापाशी दोन्ही स्प्रिंगा मिळून प्रत्येक २ किलो भारास १ मि.मी. दबतात. मागे ६० किलोची व्यक्ती बसली, तर तिचा सुमारे ५० किलो भार मागच्या चाकावर येतो आणि गाडीचे शेपूट २५ मि.मी. खाली जाते. कडे तीन पायऱ्या वर घेतले आणि प्रत्येक पायरी ४ मि.मी. असली, तर शेपूट साधारण १२ मि.मी. वर उचलले जाते. पण त्यानंतर येणारा प्रत्येक २ किलोचा भार पूर्वीप्रमाणेच १ मि.मी. दबवितो. म्हणजे आपण केवळ उंची परत मिळविली. मग चालविताना गाडी कडक का वाटते? एक तर खड्ड्यात जाताना शॉकअपला खाली जाण्यास पुन्हा जागा मिळालेली असते, म्हणून तो तळाशी आपटत नाही; आणि दुसरे असे, की काही स्प्रिंगांची वेटोळी एका टोकास दाट असतात, ती कड्याच्या दाबाने आधीच एकमेकांस चिकटून निकामी होतात आणि उरलेली वेटोळी खरोखरीच कडक वागतात.

तेव्हा कोणती पायरी, याचा निकाल मिस्त्रीच्या सांगण्यावर न सोडता मापाने लावावा. रिद्धपुरासच म्हाइंभटांनी, शके १२०० च्या आगेमागे, चक्रधरस्वामींच्या लीळा ज्याने पाहिल्या वा ऐकल्या त्याच्यापाशी जाऊन पडताळून घेतल्या होत्या. त्या गावच्या वाटेवर दुचाकी हाकणाऱ्याने निदान एक टेप विकत घ्यावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करावे आणि आसापासून सीटखालच्या एखाद्या निश्चित खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. मग गाडी जमिनीवर सरळ धरून, कोणी न बसता, तेच अंतर घ्यावे. शेवटी स्वाराने नेहमीच्या पोशाखात, पाय फूटरेस्टवर ठेवून बसावे, एकाने पुढून हँडल धरावे आणि तिसऱ्याने पुन्हा मोजावे. शॉकअपमधील सीलचे घर्षण माप फसविते. म्हणून एकदा शेपूट दाबून हळू सोडावे, एकदा उचलून हळू सोडावे आणि दोन्ही मापांची सरासरी धरावी. पहिल्या मापातून दुसरे वजा केले की गाडी स्वतःच्या भाराने किती दबली ते कळते, आणि तिसरे वजा केले की स्वारासह किती दबली ते.

रस्त्यावरच्या गाडीत स्वारासह दबणे हे एकूण चालीच्या, म्हणजे चाक जितके वर-खाली होऊ शकते त्या अंतराच्या, तृतीयांशाच्या आसपास असावे; मागची चाल ९० मि.मी. असेल, तर ३० मि.मी. नुसत्या गाडीचे दबणे ५ ते १५ मि.मी. पुरे. ही दुसरी संख्या बहुतेक जण टाळतात, आणि खरी कैफियत तीच देते. कडे शेवटच्या पायरीवर नेल्यावर स्वारासहचे माप तर बरोबर आले, पण रिकामी गाडी मुळीच दबत नाही असे आढळले, तर स्प्रिंग त्या माणसाच्या मानाने मऊ आहे. तिला आगाऊ दाबून दाबून आपण केवळ हिशेब जुळविलेला असतो, आणि उंचवट्यावरून उतरताना चाकास खाली जाण्यास वाव उरत नसल्याने ते जमीन सोडते. उलट रिकामी गाडी फार दबते आणि स्वार बसल्यावर फारसा फरक पडत नाही, तर स्प्रिंग त्याच्यासाठी कडक होय. अशा दोन्ही प्रसंगी कडे फिरविण्यात अर्थ नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. सव्वाशे किलोच्या गृहस्थाने किंवा बारमाही दूध वाहणाऱ्याने हे आधीच ओळखावे.

शेपूट अधिक दबलेले राहिले की नाक वर येते, पुढचा काटा अधिक कलतो, हँडल आळशी होते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रात्री चांदूरबाजारच्या बाजूने येताना जे दिवे आपणांस आंधळे करतात, त्यांतले कित्येक दिवे निर्दोष असून कडेच चुकीच्या पायरीवर असते. उंची बदलली की साखळीची ढीलही तपासावी.

स्प्रिंगने घेतलेली शक्ती ती जशीच्या तशी परत फेकते. तिला आवर घालण्याचे काम शॉकअपमधील तेल करते. बारीक छिद्रांतून लोटले जाताना ते त्या शक्तीची उष्णता करून टाकते. इथे वऱ्हाडच्या भूमीचा संबंध येतो. काळी कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता खड्डे पडण्याच्या आधीच लाटालाटांचा होतो. स्वारासह मोटारसायकलचे मागचे अंग स्वभावतः सेकंदास सुमारे दोन वेळा वर-खाली झुलते. उंचवटे ८ मीटर अंतराने आले आणि वेग ताशी ५८ किलोमीटरच्या जवळ असला, तर रस्ताही सेकंदास दोनदाच धक्का देतो, धक्का व झोका यांचा मेळ बसतो आणि तेल थकलेली गाडी प्रत्येक लाटेस अधिकाधिक उसळते. मागे माणूस बसला की झोका संथ होतो, म्हणून हाच मेळ कमी वेगास बसतो. सीट दाबून सोडली असता शेपूट वर येऊन तेथेच थांबावे. दोन-तीनदा हेलकावले, तर शॉकअप गेला असे समजावे.

आतापर्यंत भाराचा विचार झाला; चालविण्याच्या ढंगाचा प्रश्न साध्या गाडीत बहुधा पुढच्या काट्यापाशी येऊन थांबतो. वेगाने जाऊन उशिरा ब्रेक दाबणाऱ्याची गाडी नाक खुपसते. त्याने काट्यात थोडे दाट तेल घालून पाहावे. मात्र ज्याचा सारा दिवस शेतरस्त्यावरच्या दगडगोट्यांत जातो, त्याने तसे केले तर बारीक धक्के थेट मनगटात येतील. काट्याच्या नळीवर तेलाचा ओलसर पट्टा दिसला, तर आधी सील बदलून घ्यावे. मागील दोन्ही कडी एकाच पायरीवर असावीत, एखादे जाम झाले असल्यास ते छिन्नी-हातोड्याने ठोकू नये, गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि अर्धचंद्राकृती पाना लावून फिरवावे. आणि एका बाजूचा शॉकअप गेला म्हणून एकच बदलण्याची काटकसर करू नये, दोन्ही एकदम बदलावे.