रुमाल सोडण्याचा दिवस

सकाळी ७. कापूरहोळचा फाटा. साताऱ्याच्या गाड्या सरळ निघून जातात. भोर आणि सासवडकडचे लोक इथे उतरतात. संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे याच गावची. राजांचा जन्म पुरंदरचा, १४ मे १६५७. हे सांगायला गावात कुणाला पुस्तक लागत नाही. माझ्या वहीत मात्र दोन रकाने आहेत, ‘सांगीव’ आणि ‘लेखी’. धाराऊच्या हकिकतींनी पहिला भरतो, दुसऱ्यात फार थोडं येतं. दोन्ही जपायचे, पण एकात दुसरा मिसळायचा नाही.

९. भोरच्या वाटेवरचं एक घर. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. आजी हात लावू देण्याआधी विचारतात, “कागद न्हेनार न्हाई नव्हं?” नाही आजी, इथंच ओसरीवर फोटो काढतो आणि पेटी परत वर. कागद बांधलेल्या रुमालाची गाठ सुटली की आधी मऊ ब्रशनं कसर आणि उंदराच्या लेंड्या झाडायच्या. दसऱ्याला पूजा होत आली असल्यानं शिक्क्यावर नेमकं कुंकू सांडलेलं असतं. ते खरवडायचं नाही. पूजेत होता म्हणून तर कागद चुलीत गेला नाही.

११. मोडी लावायला बसतो. ‘सबा सितैन मया अलफ’: सात, साठ, शंभर, हजार. शुहूर सन ११६७. हा सन मृगाला बदलतो, म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. इथं महिना रजब, म्हणजे १७६६ चा डिसेंबर. कागद महजराचा, म्हणजे निवाड्याचा; भांडण बांधाचं. खाली गोतानं निशाण्या केल्यात. पाटलाचा नांगर ओळखू येतो. त्याच्याशेजारी न्हाव्यानं आरसा काढलाय, दांड्यासकट. मी मोठ्यानं वाचतो तशी शेजारची माणसं ओसरीला टेकतात. “आमच्याच वड्याचा बांध की!” एक तात्या म्हणतात, आणि कुठला ओढा ते हात करून दाखवतात. कागद कुठल्याही कपाटात नेऊन ठेवला असता तर ही माहिती मला मिळाली नसती. ती ‘सांगीव’मध्ये.

१. इंद्रायणीचा भात आणि आमटी. नको म्हणायची सोय नसते.

३. कारी. जेधे देशमुखांचं गाव. त्यांच्या दफ्तरातली शकावली १९०७ मध्ये लोकमान्य टिळकांकडे गेली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळानं छापली. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१, ही नोंद तिच्यातली. तोवर शके १५४९ चा वैशाख धरत होते. एका घराच्या दफ्तरानं साऱ्या महाराष्ट्राची शिवजयंती हलवली. मंडळ १९१० मध्ये काढणारे राजवाडे गावोगाव पायपीट करून दफ्तरं मिळवत, पुष्कळदा घेऊनच येत. त्यांना इलाज नव्हता, घरी राहिलं असतं तर वाळवीनं खाल्लं असतं. आज खिशात कॅमेरा असताना मूळ कागदाचा हट्ट धरणारे संग्राहक भेटतात, ते मला पटत नाहीत. घर आणि कागद यांची ताटातूट झाली की बांध कुठला, हे सांगणारं कुणी उरत नाही.

८. परत कापूरहोळ. प्रत्येक फोटोला गाव, घर, रुमाल, बंद असा क्रमांक. नक्कल तीन ठिकाणी. त्यातली पहिली, वाचून देवनागरीत लिहिलेली, आजींच्या घरी जाणार.

९. फोन सुरू होतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणारी शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडीवाल्याला जरा भाव आलाय. “सर, पणजोबांच्या कागदात कुणबी लागतंय का बघा की.” वतनाच्या कागदात जात लिहिलेलीच असेल असं नाही; तुम्हाला हवी ती नोंद बहुतेक कोतवाल बुकात, जन्ममृत्यूच्या रकान्यात. तहसील कचेरीत अभिलेख कक्ष आहे, तिथं अर्ज करा. “मग हा कागद?” असू दे घरात. आणि दादा, तेवढा लॅमिनेट करू नका.