फ्लोराईड काढलं, पण ठेवलं कुठं?

मागच्या भागानंतर खामगावहून एक व्हॉइस नोट आली: "दादा, कारखाने पाण्यातलं फ्लोराईड काढतात म्हणे, मग आपल्या बोअरचं का निघत नाही?" प्रश्न भारी आहे. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण बीटेकची केमिस्ट्री थोडी शिल्लक आहे.

आधी घरचं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं आहे हे जिभेला कळतं. फ्लोराईडला मात्र चव नाही, वास नाही. प्यायच्या पाण्यात लिटरमागे १ मिलीग्रॅम चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

आता कारखाना. काच कोरणारे, सोलर सेल आणि चिप बनवणारे हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. त्यांच्या सांडपाण्यात लिटरला शेकडो मिलीग्रॅम फ्लोराईड असू शकतं. आपल्या नियमाप्रमाणे नदीनाल्यात सोडायचं तर २ मिलीग्रॅमच्या आत पाहिजे.

पहिला उपाय एकदम देशी: चुना. चुन्यातलं कॅल्शियम फ्लोराईडला धरतं आणि कॅल्शियम फ्लोराईडचा गाळ खाली बसतो. समजा १००० लिटर पाण्यात लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे, म्हणजे एकूण अर्धा किलो. त्याचा कोरडा गाळ होतो साधारण १ किलो. पण हा गाळसुद्धा पाण्यात किंचित विरघळतो, त्यामुळे नुसत्या चुन्याने लिटरला ८ मिलीग्रॅमच्या खाली जाणं अवघड. प्रत्यक्षात त्याहून जास्तच उरतं. म्हणून पुढे तुरटी नाहीतर ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना लागतो.

खरी गंमत गाळाची आहे. कॅल्शियम फ्लोराईड म्हणजेच फ्लोरस्पार, जो लोक खाणीतून काढतात आणि भारत बाहेरून विकत आणतो! पण चुन्याचा गाळ ओला, चिखलासारखा आणि भेसळीचा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनवायला साधारण ९७ टक्के शुद्ध माल लागतो. म्हणून काही ठिकाणी उभ्या टाकीत बारीक कण तरंगत ठेवतात आणि त्यांच्यावर थरावर थर चढवत कडक गोळ्या तयार करतात. गोळ्या लवकर सुकतात, विकता येतात. अट एकच, फ्लोराईडचं पाणी पहिल्यापासून वेगळ्या पाइपने यायला हवं. सिलिका, फॉस्फेट मिसळलं की खेळ संपला. (आमच्याकडे सगळ्या सर्व्हिसचे लॉग एकाच फाइलमध्ये ओततात, नंतर शोधत बसा. तसंच.)

मग गावात का नाही? गावात पद्धत आहे. नागपूरच्या नीरीने १९७० च्या दशकात नलगोंडा पद्धत काढली: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळा, बसू द्या. पण बोअरमध्ये फ्लोराईड २-४ मिलीग्रॅम असतं, नुसत्या चुन्याला ते दादच देत नाही. तुरटी बरीच लागते, रोज कोणीतरी मोजून टाकावी लागते, आणि गाळ उरतोच. इतक्या थोड्यातून परत मिळवण्यासारखं काही निघत नाही.

आरओ सोपा वाटतो. पण आरओ फ्लोराईड संपवत नाही, बाजूला सारतो. गोड पाणी कॅनमध्ये, आणि घट्ट झालेलं क्षार-फ्लोराईडचं पाणी मागच्या पाइपातून नालीत. नाली कच्ची असेल तर ते परत जमिनीत, म्हणजे परत बोअरकडे. माझ्या मते गावात आरओ बसवताना पहिला प्रश्न त्या मागच्या पाइपाचा विचारायला हवा.

तुमच्या गावच्या प्लांटचा तो पाइप कुठं सोडलाय? फोटो काढून पाठवा. बोअरच्या तपासणीचा कागद ग्रामपंचायतीत मिळाला तर तोही पाठवा, पुढच्या भागात आपण तो ओळीने वाचू.