सेमिनरी हिल्सच्या पुढचा चढ

नागपूरकराचा चढाशी संबंध तसा सेमिनरी हिल्सपुरताच. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर, जवळपास सपाट, आणि उन्हाळ्यात तव्यासारखं तापलेलं. त्यामुळे मे महिन्यात आजीसकट सगळं घर एका गाडीत कोंबून पचमढीची वाट धरली जाते. सावनेरपर्यंत गाडीत आनंदीआनंद असतो. संत्र्याच्या बागा मागे पडतात, सौंसरला दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, दुकानदार मात्र मराठीतच बोलतो. मग येतो सिल्लेवानीचा घाट, आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, "आई, मळमळतंय."

गाडी लागते ती खरं तर कानामुळे. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. गाडी वळली की द्रव हलतो आणि मेंदूला निरोप जातो, 'आपण वळतोय.' डोळे मात्र मोबाइलच्या स्थिर पडद्यावर असतात, ते सांगतात, 'आपण बसून आहोत.' या भांडणात पोटाचा बळी जातो. गाडी चालवणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी दिसतं आणि ते घ्यायचंही तोच ठरवतो. म्हणून मोबाइल काढून घ्या, मुलाला दूरवर रस्त्याकडे बघायला सांगा. आजी हुंगायला लिंबू देईल, ते घ्यावं. लिंबाने किती फरक पडतो ते सोडा, आजीला बरं वाटतं.

घाट इतका वळतो, कारण सरळ चढ वाहनाला झेपत नाही. असे रस्ते आखताना सहसा वीस मीटर पुढे गेल्यावर साधारण एक मीटर उंची मिळवायची असा हिशेब असतो. म्हणजे दोनशे मीटर चढायचे तर चार किलोमीटर लांबी हवी, आणि ती डोंगराच्या एकाच अंगावर बसवायची तर रस्त्याला मागे वळावंच लागतं.

छिंदवाडा सुमारे पावणेसातशे मीटरवर आहे, पचमढी साधारण 1067 मीटरवर. नागपूरहून तिथे पोहोचेपर्यंत अंगावरच्या हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी उतरलेला असतो. चिवड्याचं पाकीट टम्म फुगतं ते यामुळेच. गारवाही यातूनच येतो. वर चढणारी हवा कमी दाबात पसरते, पसरताना थंड होते, आणि सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी तापमान घटतं. 1861 साली मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि पुढे उन्हाळा आला की साहेबांचं सरकार फायलींसकट पचमढीला चढू लागलं. कॅप्टन जेम्स फॉर्सिथने 1862 मध्ये तिथे 'बायसन लॉज' बांधला होताच. पाच-सात अंशांच्या फरकासाठी आख्खं सरकार हलायचं, तर आपण कुटुंब हलवलं यात नवल कसलं!

पण या रस्त्याची खरी गंमत दगडात आहे. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. दख्खनच्या त्या अवाढव्य लाव्हापठाराची पूर्वेकडची कड नागपुरात येते. लाव्हा एकदम वाहून थांबला नाही. मध्ये मोठमोठी विश्रांती असायची, त्या काळात वरच्या मातीत तळी साचायची, झाडं उगवायची, आणि मग पुढचा लोट त्यांना गाडून टाकायचा. नागपुरातल्या टाकळीजवळ अशाच थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडल्या. स्टीफन हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्या गोळा केल्या. हिस्लॉप कॉलेजला नाव आहे ते याच पाद्र्याचं.

सौंसर भागातल्या मोहगाव कलानला तर याहून अजब वस्तू निघाली. बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी 1937 मध्ये तिथल्या जीवाश्म वनस्पतींवर निबंध लिहिला. त्यात निपा नावाच्या पामचं फळ आहे. आजचा निपा वाढतो सुंदरबनात, खाडीच्या चिखलात, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवर. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या संत्र्यांच्या मुलखात खाडीचं झाड! एके काळी समुद्राचा एखादा फाटा इथवर आला असावा, असा तर्क त्यावरून लढवला गेला. गाडी तिथून ऐंशीच्या वेगाने निघून जाते आणि आपण मागच्या सीटवर चिवडा सांडल्याबद्दल ओरडत असतो.

तामियाच्या आसपास आणखी एक रेघ ओलांडली जाते, जिची पाटी कुठे लागलेली नाही. या रेघेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस पेंच-कन्हानमधून वैनगंगेला, मग गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेला पडलेला देनवा, दुधी अशा नद्यांतून नर्मदेला आणि अरबी समुद्राला. शेजारीशेजारी पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जातात. दक्षिणेकडचा थेंब वाटेत तोतलाडोहच्या धरणात अडला तर आपल्या नळालाही येतो. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा. ते देवगडही याच छिंदवाड्याच्या डोंगरात. म्हणजे आपलं पाणीही इथून उतरलं आणि शहर वसवणारा राजाही.

तामियाहून फाटा घेतला की पातालकोट. कड्यावर उभं राहून खाली बघावं तर जवळपास चारशे मीटर खोल, घोड्याच्या नालेसारखी दरी, आणि तिच्यात भारिया आणि गोंड लोकांची गावं. चहूबाजूंना कडे असल्याने तिथे सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. दिवस आपल्याइतकाच, ऊन मात्र कमी.

आणि मग धूपगड. आपली गाडी पचमढीत ठेवून जिप्सीने जावं लागतं. साधारण 1350 मीटर, सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक. पायाखालचा दगड पाहिला तर तो काळा लाव्हा नव्हे, वालुकाश्म, वीस कोटी वर्षांहून जुना. ही वाळू नद्यांनी आणून टाकली ती खचत जाणाऱ्या एका खोलगट प्रदेशात, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात सखल जागी. थरावर थर बसले, दाबले गेले, घट्ट झाले. पुढे जमीन उचलली गेली, पावसाने आणि नद्यांनी आजूबाजूचा मऊ खडक धुऊन नेला, हा टणक उरला. आपण सहलीतल्या ज्या सर्वांत उंच जागी सेल्फी काढतो, ती एके काळी नदीचं पात्र होती. अशाच खडकांवरून गोंडवन हे नाव भूशास्त्रात गेलं, आणि आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया यांना पोटात घेणाऱ्या एका प्राचीन महाखंडाला जगाने आपल्या शेजारच्या मुलखाचं नाव दिलं.

परतीचा उतार चढापेक्षा अवघड, आणि ते दोन ठिकाणी जाणवतं. एक, ब्रेकमध्ये. माणसांसह दीड टनाची गाडी पचमढीहून नागपूरला उतरते, तेव्हा साडेसातशे मीटर उंचीची जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे 35 लिटर साधं पाणी उकळीला येईल. हवेचा आणि चाकांचा रोध त्यातली बरीच खातो, पण घाटातल्या तीव्र उतारावर पायाने ब्रेक दाबून धरला तर उष्णतेचा मोठा वाटा ब्रेकमध्येच जातो आणि तापलेला ब्रेक पकडेनासा होतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन स्वतः गाडी आवरून धरतं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियमही आहे, तो किती पाळतात ते सांगायला नको.

दुसरं, कानात. घशापासून मधल्या कानात जाणारी नळी हवा बाहेर सहज सोडते, आत घेताना मात्र हट्ट करते. चढताना कान आपोआप मोकळे होतात, उतरताना दडे बसतात. मुलांची नळी अरुंद, त्यात सर्दी असली तर रडारड ठरलेली. गोळी चघळायला द्या, घोट-घोट पाणी पाजा. गिळताना नळी उघडते.

पोरांचा वेळ जायला एक प्रयोग सुचवतो. धूपगडावर एक लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घट्ट बंद करा आणि तशीच घरी आणा. ती चेपलेली दिसेल. नागपूरच्या उकाड्यात आतली हवा प्रसरण पावते आणि चेपणं थोडं लपतं, म्हणून धूपगडावर जितका गारवा होता तितकी ती थंड होऊ द्या. मग तोंड खाली धरून बादलीतल्या पाण्याखाली झाकण उघडा. नीट जमलं तर शंभर-सव्वाशे मिलीलिटर पाणी आत घुसेल. ते मोजायचं भांडं आधी शोधून ठेवा, आणि बाटली आजीच्या हाती लागू देऊ नका, ती थेट कचऱ्यात टाकते.