आधी पान वाचावे

गुलाबाच्या फुलावर आम्ही कवींनी भरपूर लिहिले, पानाकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. खरे तर झाडाच्या प्रकृतीची खबर पानच देते. प्रत्येक किडीची खूण वेगळी असते. ती ओळखता आली, की निम्मे काम झाले.

पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखी अर्धवर्तुळे कापलेली दिसली, की लोक घाबरून विषारी औषध फवारतात. थांबा! हे काम मधमाशीच्याच कुळातल्या, पण एकटीने राहणाऱ्या एका माशीचे. ती पान खात नाही. ते तुकडे नेऊन ती पिलांसाठी घर बांधते. चार पाने गेल्याने झाड मरत नाही. उलट हीच माशी बागेत परागीभवन करते. तिला औषध नको, अभय द्यावे.

पहिल्या पावसाच्या सुमारास मात्र पाने रातोरात कुरतडली जातात. हे हुमणीचे तपकिरी भुंगेरे. दिवसा ते लपून बसतात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जावे, फांदी हलवावी आणि खाली साबणाच्या पाण्याचे घमेले धरावे.

थंडीत, ढगाळ हवेत कोवळे शेंडे चिकट झाले आणि मुंग्यांची ये-जा वाढली, तर तो मावा. मुंग्या येतात त्या त्याच्या गोड स्रावासाठी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा झडतो. ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर मारू नका. मावा हेच त्यांचे अन्न.

उन्हाळ्यात पानावर फिकट ठिपके आणि पाठीमागे बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटकच नव्हे! म्हणूनच अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. पानांची पाठ वरचेवर पाण्याने धुवावी.

एवढ्याने मावा हटला नाही, तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात.

शेवटी एक लक्षात ठेवावे. याच गुलाबाच्या पाकळ्यांचा आपण गुलकंद करतो, तो मुलांच्या हातावर ठेवतो. म्हणून बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी पान उलटून पाहावे.