दर्याचे गोड पाणी

भाताच्या तपेल्यावरचे झाकण उचलले की त्याच्या आतल्या अंगाने थेंब ठिबकतात. भातात मीठ असले तरी हे थेंब अळणीच असतात. समुद्राचे पाणी गोड करण्यासाठी माणसाने दोन हजार वर्षे जी खटपट केली, तिचे मर्म या झाकणाखाली आहे असे मी म्हटले, तर वाचकांनी ती अतिशयोक्ती समजू नये.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते शरीराबाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना, प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्ची घालावे लागते. जमेपेक्षा खर्च मोठा. मग दिवाळे ठरलेलेच!

खाऱ्या पाण्याची वाफ निवली की गोडे पाणी मिळते, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले. इ. स. २०० च्या सुमारास अफ्रोडिसियासच्या अलेक्झांडरने खलाशांची एक युक्ती नोंदवली आहे. ते समुद्राचे पाणी उकळत, भांड्याच्या तोंडाशी स्पंज टांगत आणि वाफेने भिजलेला स्पंज पिळून तहान भागवत.

मला सर्वांत गंमत वाटते ती १७९१ मधल्या एका प्रकरणाची. जेकब आयझॅक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने, आपल्या गुप्त मिश्रणाने समुद्राचे पाणी अधिक सहज गोड होते, असा दावा सरकारदरबारी केला. परराष्ट्रमंत्री होते थॉमस जेफर्सन. त्यांनी मिश्रण घालून आणि न घालता, असे दोन्ही प्रयोग करवले. फरक काही दिसेना! तेव्हा पाणी उकळण्याची साधी रीतच जहाजांच्या परवान्यांमागे छापावी, अशी शिफारस त्यांनी केली.

पण उकळायचे म्हटले की सरपण आले. चिलीच्या वाळवंटातील लास सालिनास येथे १८७२ मध्ये चार्ल्स विल्सनने सूर्यालाच कामाला लावले. खाऱ्या पाण्याच्या उथळ कुंडांवर काचेची छपरे घातली. काचेला आतून धरलेले थेंब पन्हाळीत गोळा केले. रोज वीस हजार लिटरांच्या वर पाणी मिळू लागले. जागा मात्र हजारो चौरस मीटर लागली.

खरी कलाटणी मिळाली ती १९५९-६० च्या सुमारास, कॅलिफोर्निया विद्यापीठात. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पातळ पडदा तयार केला, की जो पाणी सोडतो आणि मीठ अडवतो. सौरिराजन आपल्या भारतातलेच. बेदाणा पाण्यात टाकला तर पाणी आपण होऊन आत शिरते व तो फुगतो. येथे हीच क्रिया उलटी करायची. खाऱ्या पाण्यावर वातावरणाच्या पन्नास-साठपट दाब द्यायचा, म्हणजे गोडे पाणी पडद्यापार जाते. उकळण्याची गरजच उरली नाही!

आपल्याकडे कल्पाक्कम येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने वाफ आणि पडदा या दोन्ही रीतींचा कारखाना उभारला. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० मध्ये सुरू झालेला कारखाना रोज दहा कोटी लिटर पाणी देऊ शकेल एवढा मोठा आहे. लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर २००५ पासून रोज एक लाख लिटरांची सोय झाली. तेथे हवेचा दाब कमी करून समुद्राचे पृष्ठावरील कोमट पाणीच वाफेत बदलतात आणि खोल समुद्रातून खेचलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववतात. बेटावरच्या विहिरींत गोड्या पाण्याचा जेमतेम एक थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की विहीर मचूळ होते.

ही मचूळ चव मला ठाऊक आहे. कोकणात खाडीकाठच्या आमच्या विहिरीचे पाणी वैशाखात असेच होई आणि आई दोन मैलांवरून हंडा आणी. म्हणून या शोधांकडे मी निव्वळ कुतूहलाने पाहू शकत नाही. कवरत्तीच्या घरी नळाला गोडे पाणी येणे म्हणजे एका बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरणे होय.

तरीही हे पाणी फुकटचे नव्हे. पडद्याच्या रीतीने हजार लिटरांमागे आजही तीन-चार युनिट वीज लागते आणि मागे उरलेले दाट खारे पाणी जपून सोडले नाही तर किनाऱ्यावरच्या जीवांना बाधते. वरुणराजा मात्र हेच काम दरसाल बिल न पाठवता करतो. तेव्हा समुद्राकडे हात पसरण्याआधी, अंगणात पडणारे पाणी आपण किती राखतो, याचा हिशेब प्रत्येक घराने एकदा मांडून पाहावा.