पहिल्या तासाचे मोल

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरमार्गे पुण्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर वाळूज हे गाव आहे. त्याच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९८५ साली बजाज ऑटो कंपनीचा कारखाना तेथे सुरू झाला. मागोमाग इतर लहानमोठे कारखाने आले. कामाची पाळी सुटली की कामगारांच्या दुचाक्या, बसगाड्या, मालाने लादलेले ट्रक आणि पायी चालणारी माणसे एकाच वेळी रस्त्यावर येतात. आषाढी एकादशीस तर जवळच्या छोट्या पंढरपूरला जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. अशा रस्त्यावर एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

वेग हे अपघाताचे एक मोठे कारण आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर अंतर तोडते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी २० मीटर. समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा सुमारे एक सेकंद जातो. ब्रेक दाबल्यावरही गाडी जागच्या जागी थांबत नाही. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यापासून थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. म्हणून 'चालक आपल्याला पाहून थांबेल' अशा भरवशावर कोणीही रस्ता ओलांडू नये. पदपथ नसेल, तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे.

गाडी आदळून एकाएकी थांबली, तरी आतील माणसाचे शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. मोटारीतील पट्टा त्यास आवरून धरतो. दुचाकीवरून पडणाऱ्याच्या डोक्यावरील आघात शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, सौम्य करते. मात्र त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असला पाहिजे.

इतके करूनही अपघात घडलाच, तर काय करावे? प्रथम आपण स्वतः रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहावे. मोठ्या माणसांना हाक मारून मागून येणारी वाहने थांबविण्यास व गाडीचे इंजिन बंद करण्यास सांगावे. मग १०८ किंवा ११२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून ठिकाण नेमके सांगावे. जवळचा चौक, कारखाना किंवा पूल ह्यांचे नाव द्यावे. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. मान किंवा पाठ दुखावली असल्याचा संभव असेल, तर आग किंवा तसाच धोका असल्याखेरीज जखमीस ओढू, उचलू वा बसवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. त्यामुळे श्वास कोंडतो.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'सुवर्णतास' म्हणतात. वाळूजच्या जखमीस शहरातील घाटी रुग्णालयात नेईपर्यंत त्यातील कितीतरी मिनिटे खर्च होतात. ती बघ्यांच्या गर्दीत वाया जाता कामा नयेत. पूर्वी पोलिसांच्या चौकशीच्या भयाने लोक मदतीस कचरत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली. सद्भावनेने मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

मुलांनो, रस्त्यावर पडलेला माणूस कोणाचा तरी पिता, कोणाची तरी माता असते. त्याच्यासाठी केलेला एक दूरध्वनीही एखादे घर उघडे पडण्यापासून वाचवू शकतो.